परसदारचा डेक : कामाची वही

१० जानेवारी
मागच्या दाराबाहेरचा जुना लाकडी चौथरा आज उखडला. वरून तसा बरा दिसत होता. दोन फळ्या मऊ झाल्या होत्या, त्या बदलू आणि रंग मारू, एवढाच बेत होता. भिंतीलगतची फळी काढली आणि बेत तिथंच संपला. चौथऱ्याचा घराकडचा सगळा भार एका आडव्या पट्टीवर होता, आणि ती पट्टी भिंतीला नुसत्या खिळ्यांनी ठोकलेली होती. बाबांनी तिच्यात स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि अंगठ्यानं दाबला. मुठीपर्यंत आत गेला. लाकूड तपकिरी झालेलं, आडव्या-उभ्या भेगा पडून त्याचे चौकोनी तुकडे झालेले. बोटांत चुरला तर पीठ.

बाबा एवढंच म्हणाले, "यावर तुम्ही दहा माणसं उभी केली होती."

केली होती खरी.

११ जानेवारी
ही कुज बुरशीची. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर ती वाढत नाही. तेव्हा लाकूड भिजलं म्हणून घाबरायचं कारण नाही, भिजून वाळलं नाही तर घाबरायचं. जुन्या पट्टीमागे पाणी शिरत होतं आणि तिथं ना ऊन ना वारा. वरच्या बहुतेक फळ्या रोज उन्हात असल्यानं ठणठणीत, आणि सावलीतली पट्टी गेली.

म्हणून नवा डेक भिंतीला बांधायचाच नाही. स्वतःच्या खांबांवर उभा, भिंतीपासून इंचभर सुटा. खांबांची एक रांग जास्त लागेल, खड्डेही जास्त. चालेल.

१७ जानेवारी
कागदकाम. भिंतीला समांतर १४ फूट, परसाच्या बाजूला १२ फूट. दोन तुळया भिंतीला समांतर, एकमेकींपासून ९ फुटांवर. त्यांच्यावर आडवे वासे, दोन्ही टोकांना दीड-दीड फूट बाहेर काढलेले. प्रत्येक तुळईखाली तीन खांब, तुळईची दोन्ही टोकं फूटभर बाहेर. वाशांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत १६ इंच, म्हणजे १२ वासे.

भार धरला तो असा : चौरस फुटाला १८ किलो माणसं-खुर्च्या आणि साडेचार किलो लाकडाचं स्वतःचं वजन. साडेबावीस. मधल्या खांबाच्या वाट्याला ६ बाय ६ म्हणजे ३६ चौरस फूट येतात, म्हणजे ८१० किलो. कोपऱ्याच्या खांबाला ५४०. घट्ट मातीनं चौरस फुटाला ६८० किलो उचलावेत असं जपून धरलं, तर १६ इंची चौरस पाया १,२०० किलोपर्यंत पुरतो. सगळे पाये एकाच मापाचे करणार. कोपऱ्यांचे लहान करून वाचणार काय, चार घमेली काँक्रीट?

लाकूड आलं. दाबाखाली औषध मुरवलेलं, हिरवट, आणि हाताला चक्क ओलं लागतंय. फळ्या मागच्या शेडमध्ये थरांमध्ये पट्ट्या घालून रचल्या, वारा खेळेल अशा. बाबांना वाटतं महिनाभर तरी हात लावू नये. तोवर जमिनीतलं कामच पुरेल.

२४ जानेवारी
आखणी. कोपऱ्यांचे खांब लांबीला १२ फुटांवर आणि रुंदीला ९ फुटांवर. कागदावर आकडे मांडले तेव्हा लक्षात आलं नव्हतं, आज टेप ताणताना आलं : ९ आणि १२, म्हणजे कर्ण बरोबर १५. शाळेतला ३-४-५ चा त्रिकोण तिप्पट होऊन परसात आला. मुद्दाम जुळवलेलं नाही, पण श्रेय घ्यायला हरकत नाही.

पहिल्यांदा एक कर्ण १५ फूट, दुसरा १५ फूट ३ इंच. खुंट्या ठोकून, दोरी सरकवून, पुन्हा मोजून तासाभरात दोन्ही सारखे झाले. खुंट्या खड्ड्याच्या जागी न ठोकता बाहेर दोन-दोन फुटांवर, आडवी पट्टी मारून ठोकल्या. नाहीतर खणताना पहिली खुंटीच जाते.

जमिनीला भिंतीपासून बाहेर फुटाला अर्धा इंच उतार आहे. तो तसाच ठेवायचा. डेकखालचं पाणी घराकडे यायला नको.

२५ जानेवारी
खणणं. स्वयंपाकघराच्या सांडपाण्याच्या चेंबरची झाकणं कुठं आहेत ते बघून, दोन झाकणांमध्ये सुतळी ताणून पाइपाचा माग आधीच काढला होता. सुतळी बाहेरच्या रांगेतल्या मधल्या खड्ड्याच्या कडेवरून जात होती, म्हणून तिथं पहार अजिबात वापरली नाही. खुरप्यानं, मांडी घालून. दीड फुटावर पाइप लागला. कडेला नाही, बरोबर मधोमध. म्हणजे पाइप दोन झाकणांमध्ये सरळ जातच नाही, मध्ये पोट काढून गेलाय.

खड्डा दहा इंच बाजूला घेतला. तुळईचे दोन गाळे आता ६-६ फुटांऐवजी ६ फूट १० इंच आणि ५ फूट २ इंच झाले. पुन्हा हिशेब केला. मधल्या खांबाच्या वाट्याचं क्षेत्र तेवढंच राहतं, कारण दोन्ही अर्ध्यांची बेरीज ६ फूटच. लांबच्या बाजूच्या कोपऱ्यावर पन्नासेक किलो जास्त येतात. आमच्या जोड तुळईला पावणेसात फुटांच्या आसपासचा गाळा झेपतो. पायासुद्धा सगळे सारखेच करायचं ठरवलं होतं, ते इथं कामी आलं.

बाकी पाच खड्डे दोन-दोन फूट. घट्ट थर दीड फुटातच लागला. जिथं हिवाळ्यात जमीन गोठते तिथं पाया त्या गोठणाऱ्या थराच्याही खाली न्यावा लागतो, नाहीतर फुगणारी माती खांबच वर उचलते. आमच्याकडे ती कटकट नाही.

पाठ गेली.

३१ जानेवारी
काँक्रीट. एकाला दोन वाळू, चार खडी. खाली फूटभर जाड चौरस पाया, त्यावर गोल खुंट जमिनीच्या वर येईल इतका. नवऱ्याला मिश्रण फावड्यावरून सहज घसरायला हवं असतं, म्हणून तो हळूच पाणी वाढवतो. दोनदा पकडला. पाण्यानं काम सोपं होतं आणि काँक्रीट पोकळ. शेवटी बादली माझ्याकडे घेतली.

वर उतार दिला, खुंटाच्या डोक्यावर पाणी साचू नये म्हणून. लोखंडी बैठकांचे बोल्ट ओल्यात बसवले, दोरीखाली ओळंबा सोडून.

१ ते ७ फेब्रुवारी
गोणपाट गुंडाळून सकाळ-संध्याकाळ पाणी मारणं. सात दिवसांत साधारण दोन तृतीयांश ताकद येते, पूर्ण ताकद २८ दिवसांनी धरतात. घाई नाही.

१४ फेब्रुवारी
आजचा दिवस एका टिंबानं खाल्ला.

सहा खुंटांच्या माथ्यांची उंची वेगवेगळी, तेव्हा प्रत्येक खांब वेगळ्या मापाचा. पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी घेतली. आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं दिसतंय का पाहिलं, तर बोटभर फरक. नळीत बुडबुडा अडकला होता. तो झटकून काढला आणि मग माप सुरू. बाबा खांबापाशी, मी वहीपाशी. त्यांनी ओरडून सांगितलं, "सतरा इंच सहा सूत." मी लिहिलं १७.६.

इंचाला आठ सूत. सहा सूत म्हणजे पाऊण इंच, म्हणजे १७.७५. मी मशीनवर माप लावलं ते १७.६. खांब सव्वा सूत आखूड.

सव्वा सूत म्हणजे चार मिलिमीटरसुद्धा नाही, खरं तर. पण तुळई ठेवून लेव्हल लावली तर बुडबुडा सरळ एका बाजूला. खाली पत्र्याची चकती घालावी असा नवऱ्याचा सल्ला. बाबांनी नुसतं वहीत बघितलं, मग माझ्याकडे. "अगं, सूत दशमात नसतं." मग म्हणाले, बाकीचे पाच अजून कापले नाहीत ना, मग त्यांचंच माप सव्वा सूत कमी कर. डेक सव्वा सूत खाली आला तर कोण बघतंय.

तसंच केलं. वहीत आता सुताचे आकडे आडवी रेघ मारून लिहितेय : १७/६. टिंब बंद.

प्रत्येक कापलेल्या टोकाला औषध पाजलं, ब्रशनं, ते प्यायचं थांबेपर्यंत. कारखान्यात मुरवलेलं औषध फार आत जात नाही. कापलं की आतलं कोरं लाकूड उघडं पडतं, आणि कुज सुरू व्हायला तेवढं दार पुरतं. खांबाचं बूड काँक्रीटपासून इंचभर वर, लोखंडी बैठकीवर.

१५ फेब्रुवारी
तुळया चढवल्या. दोन फळ्या जोडून एक तुळई, खांबाच्या डोक्यावर बसवलेली. खांबाच्या बाजूला बोल्टनं टांगणं सोपं जातं, पण मग सगळा भार त्या बोल्टांवर. लाकडानं लाकडावर बसावं.

सगळे बोल्ट-स्क्रू गरम जस्तात बुडवलेले नाहीतर स्टेनलेस. या लाकडातल्या औषधात तांबं असतं, आणि ओल्या लाकडात ते साध्या खिळ्याला लवकर खातं. जुन्या चौथऱ्याचे दोन खिळे शेडमध्ये जपून ठेवलेत, मधोमध काडीएवढे बारीक झालेले.

२१ फेब्रुवारी
वासे. प्रत्येक वासा डोळ्याजवळ धरून कडेवरून बघायचा, बाक कुठल्या बाजूला आहे ते. बाक वर ठेवायचा, भार आला की बसतो. बारापैकी तीन वाशांना बाक जवळजवळ नव्हताच, एकाला इतका होता की वर ठेवला तर डेकला कुबड आलं असतं. तो तोडून वाशांमधले ठोकळे केले, त्याच्या जागी दुसरा घेतला.

चौकटीची रुंदी मुद्दाम ११ फूट ११ इंच ठेवली. साडेपाच इंची २५ फळ्या आणि मधल्या २४ फटी दोन-दोन सुतांच्या, मिळून १४३ इंच ४ सूत होतात. चौकट १४३ इंच. शेवटची फळी चार सूत बाहेर लटकेल आणि पाणी चौकटीवर न ओघळता खाली टपकेल.

२२ फेब्रुवारी
चौकटीला खांदा लावून ढकललं. खांब आखूड असूनही वरचा भाग दोन सूत हलतो. भिंतीचा आधार सोडला त्याची ही किंमत. बाहेरच्या तीन खांबांपासून तुळईला आणि वाशांना ४५ अंशांत तिरके आधार दिले. आता ढकललं की मीच मागे जाते.

वाशांच्या आणि तुळयांच्या माथ्यावर डांबरासारखी चिकट ब्यूटिल पट्टी. जोड तुळईच्या दोन फळ्यांमधली फट म्हणजे पाण्याला वरून उघडी असलेली गल्ली, तिच्यावर पट्टी नाही तर बाकी सगळं फुकट. कंटाळवाणं काम. मी गाणी ऐकली.

२८ फेब्रुवारी
आज फळ्या. आणि आज सगळ्यात जास्त शिकले.

दोन सुयांचं ओलावा-मीटर आणलं. थप्पीच्या वरच्या वीस फळ्या १३ ते १५ टक्के. तळच्या पाच २२. जमिनीजवळ वारा कमी, म्हणून त्या मागे राहिल्या. टेप लावला तर वाळलेल्या साडेपाच इंच, ओल्या ५/५. एक सूत रुंद.

पहिली ओळ लावताना दोन सुतांचा खिळा मध्ये धरून फट ठेवत होते. त्या हिशेबानं ओल्या फळ्यांना पण दोन सूत दिले असते, तर वाळल्यावर फट तीन सूत झाली असती, आणि वर पाच फळ्यांमागे पाच सुतांनी सगळी रांग पुढे सरकली असती. बराच वेळ खिळा हातात घेऊन बसले. मग सुचलं ते इतकं साधं होतं की चिडच आली : फट मोजायचीच नाही. एका फळीच्या कडेपासून पुढच्या फळीच्या त्याच कडेपर्यंत पावणेसहा इंच धरायचं. फळी ओली असेल तर फट एक सूत दिसेल, वाळली असेल तर दोन. उद्या सगळ्या वाळतील तेव्हा सगळ्या फटी सारख्या. वाशांवर पावणेसहा इंचांच्या खुणा मारून टाकल्या आणि खिळा खिशात टाकला.

लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, आटतं ते रुंदीत, हे पुस्तकात वाचलेलं होतं. टेपवर दिसलं आज.

वाद : सालीची बाजू वर की खाली? बाबा म्हणतात खाली, पलीकडचे काका शपथेवर वर. फळी वाळते तेव्हा वाढीच्या कड्या सरळ व्हायला बघतात, म्हणून सालीच्या बाजूला खोलगट होते. तिथं पाणी साचेल. पण हीच फळी वाळलेली असताना पुन्हा भिजली की उलटी फुगते. शेवटी मी प्रत्येक फळीची गाठी-भेगा कमी असलेली बाजू वर घेतली. दोघंही माझ्यावर नाराज, म्हणजे वाद मिटला.

१ मार्च
२५ फळ्या, १२ वासे, प्रत्येक ठिकाणी दोन : ६०० स्क्रू. टोकाजवळ आधी बारीक भोक पाडलं नाही तर फळी फुटते. चौथ्या ओळीत आळस केला, आणि टोकापासून बोटभर लांब चीर गेली. फळी बदलली. स्टेनलेस स्क्रू मऊ असतात, गाठीत घुसवताना एकाचं डोकं तुटून माझ्या चष्म्यावर आदळलं. चष्मा होता हे बरं.

स्क्रूचं डोकं फळीच्या पातळीला थांबवायचं. खोल गेलं की तिथं पाण्याची वाटी होते. नवरा शंभराव्या स्क्रूनंतर पटाईत झाला, पहिल्या नव्व्याण्णव वाट्या तिथंच आहेत.

७ मार्च
पायऱ्या. ३९ इंच चढ, सहा उंच्या, साडेसहा-साडेसहा इंच. छान भागाकार. फक्त चुकीचा.

३९ इंच ही डेकच्या कडेखालची उंची. पायऱ्या संपतात पावणेपाच फूट पुढे, आणि जमीन तोवर आणखी सव्वादोन इंच उतरलेली. खरी उंची ४१ इंच २ सूत. सहानं भागलं तर ६/७. सतराव्या शतकातला फ्रेंच वास्तुकार फ्राँस्वा ब्लाँदेल याचा नियम अजून चालतो : दोन उंच्या आणि एक पाऊल मिळून माणसाच्या चालीएवढं व्हावं, आजच्या मापात ६० ते ६४ सेंटिमीटर. आमचं पाऊल दोन फळ्या आणि एक फट, म्हणजे सव्वाअकरा इंच. बेरीज २५ इंच, साडेत्रेसष्ट सेंटिमीटर. बसतंय.

गुण्यानं तिरक्या फळीवर पाच दात आखले, करवत हातात घेतली. बाबांनी हात धरला. "तळातून फळीची जाडी वजा केलीस?" नव्हती. प्रत्येक दातावर इंचभर जाड फळी बसणार. तळातून तो इंच कापला नाही तर सगळ्यात खालची पायरी इंचानं उंच होते आणि डेकवर चढायची शेवटची इंचानं बुटकी. मधल्या सगळ्या बरोबर, म्हणून कागदावर कळत नाही. पायाला कळतं, तेही अंधारात.

पहिली फळी नीट कापून, जागेवर धरून पाहिली आणि मग तीच ठेवून बाकीच्या तीन आखल्या. चारही फळ्यांची बुडं मातीत नाहीत, छोट्या काँक्रीट पट्टीवर.

१४ मार्च
कठडा. डेक तीन फुटांवर, लहान मुलं येणार, तेव्हा हवाच. उंची ३६ इंच, उभ्या पट्ट्यांमधली फट चार इंचांपेक्षा कमी. लाकडाची चार इंची गोल चकती कापून प्रत्येक फटीतून ढकलून पाहिली. दोन ठिकाणी आरपार गेली. पुन्हा मोजलं, पट्ट्या हलवल्या.

खरी गोष्ट खांबाच्या बुडाशी आहे. कुणी वरच्या पट्टीला टेकून ९० किलोचा जोर दिला, तर तीन फुटांच्या तरफेमुळे खालच्या पाच इंचांवर असलेल्या बोल्टांवर सहाशे किलोच्या वर ताण येतो. आणि तो ताण कडेच्या फळीवर थांबला तर फळी वाशांच्या टोकांतून निसटते. म्हणून खांब आतल्या बाजूनं, मागे ठोकळे, बोल्ट आरपार, आणि वरच्या बोल्टापासून वाशाला लोखंडी पट्टी. बाबांनी पाठ टेकवून जोर लावला. मी श्वास रोखला, कठड्यानं नाही.

२१ मार्च
कोपरे आणि कडा रंध्यानं मारल्या. तेल-रंग आत्ता नाही. पाण्याचा थेंब फळीवर टाकला की तो बसून राहतो, लाकूड पीत नाही. प्यायला लागलं की तेल.

११ एप्रिल
थेंब दहा मिनिटांत मुरला. पहिला हात तेलाचा. पातळ, आणि वर राहिलेलं फडक्यानं पुसून. तेलाचा बोळा चुरगळून टाकायचा नाही : तेल वाळताना तापतं आणि गोळा झालेला बोळा स्वतःहून पेट घेऊ शकतो. दोरीवर पसरून वाळवला.

तळच्या पाच फळ्या कुठल्या हे शोधत होते. फटींवरून ओळखू येत नाहीत. खिशातला खिळा लावून पाहिला, सगळीकडे दोन सूत, एका ठिकाणी दीड.

१९ जून
रात्री पहिला मोठा पाऊस. सकाळी टॉर्च घेऊन डेकखाली गेले, पाठीवर झोपून. वाशांच्या माथ्याखाली कोरडं. जोड तुळयांच्या मध्ये कोरडं. बाहेरच्या कडेला फळीवरून पाणी चार सूत बाहेर टपकतंय, चौकट कोरडी. भिंतीच्या बाजूला इंचभर फट, तिच्यातून उजेड येतो आणि भिंत वाळतेय.

पायऱ्यांपाशी मात्र एक गडबड. सगळ्यात वरची पायरी कडेच्या फळीला टेकते, तिथं मी पट्टी मारायची विसरले आहे. दोन लाकडांमध्ये पाण्याची काळी रेघ. स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला, अजून टणक. कोरडं पडलं की चार स्क्रू काढून दोन सुतांच्या चकत्या मध्ये घालायच्या आहेत.